खोकला छातींत, घाला मेंदूवर

सर्दीपडसें ही कांहीं नव्यानें ओळख करून द्यावी अशी गोष्ट नव्हे. घरांत लहान मूल आहे आणि थंडीच्या दिवसांत एकदांही त्याचें नाक वाहिलें नाहीं, असें घर शोधूनही सांपडावयाचें नाहीं. औषध घ्या अगर न घ्या, आठवड्याभरांत पडसें आपण होऊन जातें, हा आपल्या आजीबाईंचा अनुभव बव्हंशीं खराही आहे. मग त्यावर आज मुद्दाम बोलण्यासारखें काय आहे? सांगण्यासारखें इतकेंच कीं, नाकाघशांतून शिरणारे कांहीं रोग नाकाघशांत थांबत नाहींत. बहुतेक मुलांच्या बाबतींत ते तेथेंच थांबतात. परंतु ज्या थोड्या मुलांच्या बाबतींत ते पुढें सरकतात, त्यांच्या मेंदूपर्यंत त्यांची झळ पोंचते, आणि मेंदूची हानि ही बहुधा भरून येण्यासारखी हानि नसते. हा पुढचा प्रवास कसा होतो, तो कोठें अडवितां येतो, आणि आपल्या बीड जिल्ह्यांत तो अडविण्याची संधि नेमकी कोठें हुकते, हें आज सांगावयाचें आहे. मी वैद्य नव्हें. खेड्यांतील शाळेंत आयुष्य घालविलेला एक मास्तर आहें. या विषयाशीं मास्तराचा संबंध काय, तें ओघानें कळेलच.

प्रथम मेंदूची स्थिति ध्यानांत घेऊं. मोठ्या माणसाच्या वजनांत मेंदूचा वांटा शेंकडा दोन. परंतु श्वासानें घेतलेल्या प्राणवायूपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तो एकटाच खर्च करतो. म्हणजे श्वासाचा सर्वांत मोठा ऋणको मेंदू होय. निसर्गानें त्याचें रक्षणही तसेंच केलेलें आहे. बाहेरून कवटीची पेटी, आंत तीन आवरणें, त्या आवरणांच्या मध्यें खेळणारें स्वच्छ पाणी, आणि मेंदूंतील रक्तवाहिन्यांच्या भिंती तर इतक्या घट्ट विणलेल्या कीं, रक्तांतील वाटेल ती वस्तु त्यांतून पलीकडे जाऊं शकत नाहीं. एवढा बंदोबस्त असूनही रोग मेंदूला गांठतो तो निरनिराळ्या वाटांनीं. कधीं नुसत्या तापानेंच कोवळा मेंदू बावरतो; कधीं जंतु रक्तांतून आवरणांपर्यंत जातात; कधीं जंतूंचें विष किंवा प्राणवायूचा तुटवडा घात करतो; कधीं रोगाशीं लढणारी शरीराची शक्तीच अनावर होऊन आपल्याच घरावर उलटते; आणि एक रोग तर असा आहे कीं, तो वर्षानुवर्षें मेंदूंत दबा धरून बसतो. या सर्वांची मांडणी मी काळाच्या मापानें करतों. कारण किती वेळ हातीं आहे, हेंच आईबापांना कळावयास पाहिजे.

पहिला प्रकार घटकाभराचा. सहा महिने ते पांच वर्षें या वयांत, साध्या पडशाच्याच तापांत, मूल अकस्मात् ताठ होतें, डोळे फिरवितें, हातपाय झाडूं लागतें. हिला तापाची आंकडी म्हणतात. शंभर मुलांपैकीं दोन ते पांच मुलांना लहानपणीं केव्हां ना केव्हां ती येते. ज्या आईनें ती प्रथमच पाहिली, तिला आपलें मूल हातचें गेलें असेंच वाटतें. परंतु जी आंकडी सर्वांगाला येते, पंधरा मिनिटांच्या आंत थांबते आणि चोवीस तासांत पुन्हां येत नाहीं, ती मेंदूला इजा करीत नाहीं. तें मूल पुढें शाळेंत इतरांच्या बरोबरीनें शिकतें. अपाय होतो तो पुष्कळदां आपल्याच धांवपळीनें. कोणी दांतखीळ उघडावयास तोंडांत चमचा घालतो, कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी पायांतील वहाण हुंगवितो, कोणी तोंडांत पाणी ओततो. त्या पाण्यानें मूल गुदमरण्याचा धोका असतो. करावयाचें तें इतकेंच: मुलाला एका कुशीवर वळवावें, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, तोंडांत कांहींही घालूं नये, आणि घड्याळाकडे पाहावें. पांच मिनिटांत आंकडी थांबली नाहीं, तर १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनानें दवाखाना गांठावा. थांबली तरी पहिल्या आंकडीनंतर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. कारण ही साधी आंकडी आहे कीं पुढें सांगावयाच्या एखाद्या रोगाची नांदी आहे, हें घरीं ठरवितां येत नाहीं. साध्या आंकडींतून उठलेलें मूल थोडा वेळ पेंगतें आणि मग आईला ओळखून रडूं लागतें. जें ओळखत नाहीं, त्याचें प्रकरण निराळें समजावें.

दुसरा प्रकार दिवसांचा. इन्फ्ल्युएन्झाची सांथ आपल्याला नवी नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, ती मुंबई बंदरांतून शिरली आणि हिंदुस्थानांतील एक कोटीहून अधिक माणसें तिनें नेलीं. त्याच कुळांतील एक नवा विषाणु २००९ सालीं आला. लोक त्याला स्वाइन फ्ल्यू म्हणूं लागले. आपल्या देशांतील त्याचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजीं पुण्यास गेला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्या महिन्यांत पुण्याच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि तोंडाला फडकें बांधून हिंडणारीं माणसें आपण प्रथमच पाहिलीं. सर्वांचें लक्ष तेव्हां फुप्फुसांकडे होतें. पण त्याच वर्षीं अमेरिकेंतील डॅलस शहरीं सात ते सतरा वर्षांचीं चार मुलें अशीं आढळलीं कीं, ज्यांना या तापाबरोबर आंकडी आली किंवा ज्यांची शुद्ध हरपूं लागली. चौघेंही पूर्ण बरीं झालीं, ही समाधानाची गोष्ट. पण सर्वांचें नशीब तसें नसतें. जपानांतील बालवैद्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत या विकाराचा पुष्कळ अभ्यास केला. त्यांना आढळलें कीं, ताप चढल्यापासून एकदोन दिवसांतच मूल बडबडूं लागतें, भलतेंच कांहीं दिसल्यासारखें करतें, आणि मग गुंगींत जातें. आश्चर्य हें कीं, अशा मुलांच्या मेंदूभोंवतींच्या पाण्यांत पुष्कळ वेळां विषाणु सांपडतच नाहीं. विषाणु नाकाघशांत व छातींतच असतो; मेंदूला सूज येते ती त्याच्याशीं लढतांना शरीरानें उठविलेल्या वादळानें. म्हणून छाती ऐकून बरी वाटली, एवढ्यावरून मूल धोक्याबाहेर आहे असें म्हणतां येत नाहीं.

येथेंच औषधाविषयीं एक इशारा देतों. ऑस्ट्रेलियांतील राय नांवाच्या वैद्यानें १९६३ सालीं एका विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. फ्ल्यू किंवा कांजिण्या बऱ्या होत आल्या असतां मुलाला एकाएकीं वांत्यांवर वांत्या सुरू होतात, तें बरळूं लागतें, त्याचें यकृत बिघडतें व मेंदू सुजतो. पुढें असें दिसून आलें कीं, अशा पुष्कळ मुलांना तापांत ॲस्पिरिन दिलेली होती. १९८० नंतर अमेरिकेंत मुलांना ॲस्पिरिन देऊं नये असा प्रचार झाला आणि हा विकार तेथें झपाट्यानें ओसरला. म्हणून फडताळांतील मोठ्यांच्या डोकेदुखीची गोळी अर्धी मोडून मुलाला देण्याची आपली संवय अजिबात सोडली पाहिजे. तापासाठीं पॅरासिटामॉल, तेंही मुलाच्या वजनाप्रमाणें सांगून घेतलेलें, एवढेंच द्यावें.

दिवसांच्याच मापांतला याहून वाईट रोग म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह; लोक याला मेंदूज्वर म्हणतात. याचे दोन मोठे कर्ते, न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्ल्युएन्झी बी, हे निरोगी मुलांच्या नाकाघशांतही निमूटपणें राहतात. पडशानें अस्तर सोललें गेलें, कुपोषणानें शक्ति खचली, कीं ते रक्तांत शिरतात. कोणाच्या फुप्फुसांत न्युमोनिया करतात, कोणाच्या मेंदूच्या आवरणांवर जाऊन बसतात. जोराचा ताप, वांत्या, डोकेदुखी, उजेड सहन न होणें आणि मान ताठणें, हीं याचीं लक्षणें. तान्ह्या मुलाची मान पुष्कळदां ताठतच नाहीं. त्याची टाळू फुगते, तें दूध ओढीत नाहीं, आणि कडेवर घेतल्यानें शांत होण्याऐवजीं अधिकच कळवळतें. वेळेवर औषध मिळालें नाहीं तर मूल दगावतें, किंवा वांचलें तरी बहिरेपण, फिट्स किंवा मंदबुद्धि पदरीं घेऊन वांचतें. ज्याला आपण जन्माचा बहिरा समजतों, त्याला केव्हां केव्हां हा ताप येऊन गेलेला असतो.

या रोगाची खात्री करण्यासाठीं डॉक्टर पाठींतील पाणी काढावयास सांगतात, आणि येथें आमच्याकडे हटकून घोटाळा होतो. पाठींत सुई घातली कीं मूल लुळें होतें, अशी एक समजूत गांवोगांव आहे. तिच्या भरीस पडून माणसें मूल उचलून घरीं नेतात. मुलें पुढें लुळीं पडतात तीं सुईनें नव्हे, तर त्या रोगानें, ज्यासाठीं सुई घालावी लागली. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागांतच संपतो; सुई घालतात ती त्याच्या खालीं, जेथें केवळ पाणी व सुटे तंतु असतात. १८९१ सालापासून ही तपासणी जगभर चालू आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत, किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयांत डॉक्टरांनीं असें सांगितलें, तर नकार देऊं नका. शंका असेल ती विचारा, पण नकार देऊं नका.

तिसरा प्रकार आठवड्यांचा. डांग्या खोकला आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. खोकल्याची उबळ इतकी लांबते कीं, मूल काळेंनिळें पडतें. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला तर ती ‘हूप’ अशी ओढही येत नाहीं. त्याचा श्वास नुसताच थांबतो. मघां मी मेंदूला श्वासाचा मोठा ऋणको म्हटलें; हा प्राणवायूचा तुटवडा पुन्हां पुन्हां घडला म्हणजे आंकड्या येतात आणि मेंदू कायमचा अधू होऊं शकतो. घटसर्पाची तऱ्हा याहून वेगळी. त्याचे जंतु घशांतच राहतात, पण त्यांचें विष रक्तावाटे नसांत जातें. घसा बरा झाला, ताप गेला, म्हणून घरचे निश्चिंत होतात. आणि कांहीं दिवसांनीं मूल गेंगाणें बोलूं लागतें, प्यालेलें पाणी नाकांतून परत येतें, पुढें कांहीं आठवड्यांनीं हातपाय लुळे पडतात. विषाचा उतारा म्हणून रक्तद्रवाची लस देण्याची वाट बेरिंग आणि किटासाटो यांनीं १८९० सालीं दाखविली. पण ती विष नसांना चिकटण्यापूर्वीं द्यावी लागते. म्हणून घशांत पांढरट-करडा पापुद्रा दिसला तर एक दिवसही दवडतां कामा नये.

आणि क्षय. घरांत आजोबा दोन महिने खोकत आहेत, नातू त्यांच्याच अंथरुणांत निजतो, हें दृश्य कोणी पाहिलें नाहीं? त्या श्वासावाटे क्षयाचे जंतु नातवाच्या फुप्फुसांत जातात आणि तेथून रक्तावाटे मेंदूच्या आवरणांत. हा मेंदूज्वर धाडकन् येत नाहीं. मूल किरकिरें होतें, खेळांतून अंग काढून घेतें, वजन उतरतें, संध्याकाळीं अंग कढत लागतें, सकाळीं वांती होते. असे दोनतीन आठवडे जातात. मग डोळा तिरळा होतो, मूल पेंगत राहतें. तोंपर्यंत कोणी नजर उतरवितो, कोणी जंताचें औषध देतो. या रोगावर उपाय आहे, आणि तो पहिल्या पंधरवड्यांत केला तर मूल धडधाकट उठतें. उशीर झाल्यास उठलेंच तर अपंग होऊन उठतें. जन्मतःच दंडावर टोचतात ती बी. सी. जी. लस १९२१ सालीं पॅरिस येथें प्रथम दिली गेली. मोठ्यांच्या फुप्फुसांचा क्षय ती फारशी टाळूं शकत नाहीं, परंतु तान्ह्या मुलांच्या या भयंकर मेंदूज्वराला ती चांगली आळा घालते. शिवाय, घरांत क्षयाचा रोगी निघाल्यास पांच वर्षांखालील प्रत्येक मुलाची तपासणी व प्रतिबंधक औषध सरकारांतून मोफत मिळतें. तें मागून घ्यावें.

आतां चौथा प्रकार. हा वर्षांचा आहे, आणि याच्यासाठींच मी हें भाषण देण्याचें पत्करलें.

गोवर हा मुळांत श्वासावाटे पसरणारा रोग आहे. गोवराचें मूल ज्या खोलींत खोकलें, तेथील हवेंत त्याचा विषाणु दोन तासांपर्यंत राहूं शकतो, आणि लस न घेतलेल्या दहा मुलांपैकीं नऊ मुलांना तो गांठतो. ताप, खोकला, लाल डोळे आणि अंगावर पुरळ. आपल्याकडे ही देवीची कृपा मानून कडुलिंबाचे डहाळे बांधीत. हजारांत एखाद्या मुलाला त्याच वेळीं मेंदूचा दाह होतो. पण क्वचित् एखाद्या मुलाच्या बाबतींत असें घडतें कीं, गोवर जातो, मूल बरें होतें, आणि विषाणु मात्र मेंदूंत दडून राहतो. सहा, आठ, दहा वर्षें तो कांहींच करीत नाहीं. मग हळूहळू मेंदूच्या पेशी खाऊं लागतो. अमेरिकन वैद्य डॉसन यानें १९३३ सालीं या विकाराचें वर्णन केलें. आज त्याला एस. एस. पी. ई. म्हणतात. दोन वर्षांच्या आंत ज्यांना गोवर येतो त्यांना याचा धोका अधिक. यावर खात्रीचा उपाय अजून नाहीं.

माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. आईबाप ऊंसतोडीला जात. तो आजीजवळ राहून शिके. अक्षर असें वळणदार कीं, फळ्यावरील सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घेत असें. दिवाळीनंतर त्याचें अक्षर बिघडूं लागलें. ओळ सोडून अक्षरें खालीं उतरूं लागलीं. तोंडपाठ असलेले पाढे तो मध्येंच विसरे. हातांतील पाटी पडे, आणि मान एकदम झुकून वर येई, जणूं डुलकी लागली आहे. मला वाटलें, पोरगें आळसावलें. मी त्याला रागें भरलों. एकदोनदां छडीही मारली. श्रोतेहो, तो आळस नव्हता. वर्गाच्या दारांत तो चालतां चालतां कोसळला, तेव्हां आम्हीं त्याच्या बापाला बोलावून घेतलें. मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांनीं विचारलें, “याला लहानपणीं गोवर आला होता काय?” बाप म्हणाला, “होय, वर्षाचा नव्हता, आम्ही तोडीवर होतों, कोपींतच आला होता.” लस? ती राहिली होती. दुसऱ्या वर्षाची शाळा त्यानें पाहिली नाहीं. मुलगा दिवसेंदिवस मागें पडूं लागला, तर तो मेंदूचा रोग असूं शकतो, हें तेव्हां मला ठाऊक असतें, तर तो वांचला असता असें नाहीं. पण निदान त्या छड्या तरी त्याला बसल्या नसत्या. शिक्षक बंधुभगिनींना माझें सांगणें आहे कीं, चांगल्या मुलाचें अक्षर, बोलणें किंवा चालणें कारणावांचून बिघडलें, तर छडी बाजूस ठेवून आईबापांना निरोप धाडावा.

त्या मुलाची लस कां राहिली? आईबाप निष्काळजी होते म्हणून नव्हे. आपल्या जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे, आणि पार कर्नाटकांतील बेळगांवापर्यंत ऊंस तोडावयास जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मागें संभाळावयास कोणी नसल्यास मूलही बरोबर. पहांटेच्या थंडींत ऊंसाच्या फडांत, रात्रीं चुलीच्या धुरानें भरलेल्या कोपींत. म्हणजे नेमका जो ऋतु खोकल्याचा, त्याच ऋतूंत मूल घराबाहेर, आणि लसीकरणाची यादी मात्र गांवच्या उपकेंद्रांत.

आतां हिशेब करून पाहूं. समजा, एक मूल १५ ऑगस्टला जन्मलें. त्याला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पंचगुणी लस मिळावयास पाहिजे. या एका लशींत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि मघां सांगितलेला हिमोफिलस, या पांचांचा प्रतिबंध आहे. सहावा आठवडा भरतो २६ सप्टेंबरला; ती लस गांवीं मिळेल. दहावा भरतो २४ ऑक्टोबरला, म्हणजे निघण्याच्या गडबडींत. चौदावा २१ नोव्हेंबरला, तेव्हां बाळ फडांत. न्यूमोकॉकसची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यांत असते. तिचाही मधला डोस हुकला. दुसरें मूल समजा २६ जानेवारीला जन्मलें. त्याला गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण होतांच, म्हणजे २६ ऑक्टोबरला द्यावयाची. त्याच सुमारास मुकादमाची गाडी दारांत उभी! कारखान्याचा हंगाम आणि बाळाची यादी यांची अशी दरवर्षीं टक्कर होते, आणि दरवर्षीं यादी हरते.

हरलेल्या यादीचा परिणाम काय होतो, हें शहरांतही दिसून आलें आहे. २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रभर शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली. पुढें करोनाच्या काळांत लसीकरण विस्कळित झालें, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागांत, भिवंडीस व मालेगांवीं गोवराची मोठी सांथ उसळून मुलें दगावलीं. गोवर गेला नव्हता. तो फक्त फट शोधीत होता.

ही फट बुजविणें अवघड नाहीं. एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी कीं, बाळाचें लसीकरणाचें कार्ड जेथें जन्म तेथेंच चालतें असें नाहीं. कोल्हापुरास जा, सांगलीस जा. कोणत्याही सरकारी दवाखान्यांत तें दाखवून राहिलेली लस फुकट मिळते. मध्यें खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाहीं. जेथें थांबलें तेथून पुढें चालू. उशिरां दिलेली लस वायां जात नाहीं. म्हणून कोयत्यावर निघणाऱ्या मायबहिणींना माझी विनंति आहे: गाठोडें बांधतांना तें कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून सर्वांत आधीं बांधा. निघण्यापूर्वीं आशाताईंना विचारा, ‘पुढच्या सहा महिन्यांत माझ्या बाळाची कोणती लस, कोणत्या तारखेला?’ आणि मुकादमाकडून जशी उचल मोजून घेतां, तशाच लशीही मोजून घ्या. गोवराचे डोस दोन: एक नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. एकावर थांबूं नका. डांग्या खोकला व घटसर्पाचे पुढील डोसही दीड-दोन वर्षांस व पुन्हां पांच-सहा वर्षांस असतात.

एवढें करूनही मूल आजारी पडेलच. तेव्हां काय पाहावें? खोकल्याचा आवाज किती मोठा, हें पाहूं नये. चार गोष्टी पाहाव्या. मूल पाणी किंवा अंगावरचें दूध पीत नाहीं काय? घेतलेलें सर्व ओकून टाकतें काय? त्याला आंकडी आली काय? तें सुस्त पडलें आहे, हांक मारली असतां नीट जागें होत नाहीं काय? यांपैकीं एकही गोष्ट असली तर सकाळची वाट पाहूं नये. रात्र असो कीं पाऊस असो, निघावें. याच्या जोडीला श्वास मोजावा. मूल शांत असतांना पोट वरखालीं होतें तें पूर्ण एक मिनिट मोजावें. दोन महिन्यांखालील बाळाचे साठ किंवा अधिक, वर्षाच्या आंतील बाळाचे पन्नास किंवा अधिक, वर्ष ते पांच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेतांना बरगड्यांखालची जागा आंत ओढली जाऊं लागली, तर तो न्युमोनिया समजून दवाखाना गांठावा. पोटावर डाग देणें, बिब्ब्याचा चटका देणें, यांनीं छाती मोकळी होत नाहीं. फक्त दुखणेकऱ्या जिवाला आणखी एक दुखणें जडतें आणि मोलाचे तास जातात.

या सर्वांचें सार एकच आहे. खोकला ऐकूं येतो, म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देतों; मेंदू ओरडत नाहीं. तो फक्त मुलाच्या डोळ्यांतली ओळख पुसतो. तापांतलें मूल किती खोकतें यापेक्षां तें आईकडे पाहून ओळखतें कीं नाहीं, याकडे ज्या घरांत लक्ष राहील, आणि ज्या गाठोड्यांत तें एक कार्ड राहील, त्या घरावरचें हें अरिष्ट पुष्कळ अंशीं टळेल. माझ्या वर्गांतील त्या मुलाचें अक्षर आजही माझ्या डोळ्यांपुढें आहे. तसें वळणदार अक्षर लिहिणारा हात आपल्याही घरीं असेल. तो फळ्यावर चालत राहो, एवढी इच्छा प्रदर्शित करून आपली रजा घेतों.